वीतभर खण पाठव

रामबाग, इंदूर

प्रिय सुमन,
सप्रेम नमस्कार.

आईच्या साड्यांचे पुढे काय केले, असे तू दिवाळीच्या पत्रात विचारले होतेस. गोधडी शिवावी असे आधी मनात होते; पण गोधडीच्या थरांना अंगभर कापड लागते आणि आईने नेसून नेसून प्रत्येक साडी मधोमध इतकी विरवली होती की दंड घालायलाही जागा उरली नव्हती. धड होते ते काठ आणि काठालगतची चार बोटे. एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यांतून काही उभे राहील अशी रचना मला अखेर अमेरिकेतल्या जुन्या रजयांत सापडली. तिला लॉग केबिन, म्हणजे ओंडक्यांची झोपडी, म्हणतात. 1860च्या दशकात ती तिकडे फार लोकप्रिय झाली. मधला लाल चौकोन ही घरातली चूल आणि भोवती रचत गेलेल्या पट्ट्या हे भिंतींचे ओंडके, असा तिचा अर्थ सांगतात. आधी चूल मांडून मग तिच्याभोवती घर बांधायचे, हे वाचले आणि माझे ठरले.

मधला चौकोन अडीच इंचांचा आणि पट्ट्या दीड इंच रुंद कापते. चौकोनाच्या एका बाजूला पहिली पट्टी जोडायची, इस्त्रीने शिवण बाहेरच्या अंगाला वळवायची, मग तुकडा फिरवून दुसरी पट्टी पहिलीच्या टोकासकट जोडायची. अशा लागोपाठच्या दोन बाजू फिक्या आणि उरलेल्या दोन गडद ठेवत तीन फेरे केले की 12 पट्ट्यांचा, साडेआठ इंचांचा ब्लॉक तयार होतो. शिवण मात्र नेमकी पाव इंच, म्हणजे दोन सूत, हवी. माझा पहिला ब्लॉक पावणेआठ इंचच भरला, तेव्हा मी पट्ट्या पुन्हा पुन्हा मोजल्या. त्या बरोबर होत्या. मी अडीच सुतांवर शिवत होते. अर्धे सूत ते काय, पण प्रत्येक शिवणीत ते दोन्ही कापडांतून जाते, आणि आडव्या रेषेत शिवणी सहा येतात. तो ब्लॉक सबंध उसवला.

सुती साड्या सोप्या. कडेला कात्रीची खूण करून फाडल्या की धाग्यात सरळ फाटतात. महेश्वरीने मात्र रडवले. तिचा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, त्यामुळे पट्टी कापताच कडेचे धागे निसटतात आणि दाबाखाली कापड सरकते. जुन्या रेशमी लॉग केबिन खालच्या पायाच्या कापडावर शिवत, हे कळल्यावर मी मलमलीचे चौकोन कापून त्यांवर पेन्सिलीने रेषा आखल्या, आणि तेव्हापासून एकही पट्टी हललेली नाही. कॉलेजात असताना आई आपल्याला महेश्वरच्या घाटावर घेऊन गेली होती, तेव्हाची तिची अंजिरी साडी तुला आठवत असेल. तिचा बुगडी काठ दोन्ही अंगांनी सारखा विणलेला आहे. तो मी सर्वांत बाहेरच्या फेऱ्याला राखून ठेवला आहे.

रंग निवडताना डोळे अर्धे मिटून पाहावे लागते, कारण इथे हिरवा की जांभळा याला महत्त्व नाही, फिका की गडद यालाच आहे. मोतिया, पिस्तई, फिकट गुलाबी एकीकडे. अंजिरी, जांभळा, बाटलीहिरवा दुसरीकडे. असे ब्लॉक आडव्या-उभ्या ओळींत एकाआड एक अर्धा फेरा फिरवून, म्हणजे गडद बाजूला गडद लागेल असे, मांडले की शेतात नांगराची तासे दिसावीत तसे तिरपे पट्टे उमटतात. नातीच्या दुपट्यासाठी मी हीच मांडणी धरली आहे: पाच ओळी, प्रत्येकीत सहा ब्लॉक, एकूण 30.

आता अडले आहे ते चुलीपाशी. आईच्या साड्यांत लाल एकही नाही. तिला तो रंग कधी आवडला नाही. सीतलामाता बाजारात लाल कापड हवे तेवढे मिळेल, पण नवे कापड मध्यभागी घालायला माझा हात धजत नाही. तुझ्या आईच्या पेटीत लाल खण होते, आणि माझ्या आईची ओटी त्यांनी त्यातल्याच एका खणाने भरली होती. तसा एखादा उरला असेल आणि तुझे मन होत असेल, तर वीतभर पट्टी पूर्ण पन्ह्याची पाठव. एका ओळीत 12 चौकोन बसतात, तीन ओळींत माझे काम होते. धुऊन पाठव, म्हणजे रंग सुटतो का ते तिथेच कळेल.

तुझीच,
वसू