सैल वॉशर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बारा वर्षं प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांवरचे बिघाड ओळखून तोडण्याच्या कामात, काढल्यावर आता नोकरी सोडून पीएचडी करू का, असं विचारतोस. उत्तर देण्याआधी माझी एक फजिती ऐक.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी केबलच्या तुकड्यावर पार्शल डिस्चार्ज, म्हणजे इन्सुलेशनच्या आतल्या छोट्या ठिणग्या, मोजत होतो. इन्सुलेशनमध्ये बारीकशी पोकळी राहिली की आधी तिच्यातली हवा फुटते. ताण तिच्या वाट्याला जास्त येतो आणि सोसायची ताकद कमी. एकेका ठिणगीचा हिशेब पिकोकुलोम्बमध्ये, विद्युतभाराच्या अगदी बारीक एककात. पडद्यावर सुरेख ठिपके यायचे, दर सायकलला ठरलेल्या जागी, जवळपास एकाच उंचीचे. तीन महिने आकडे गोळा केले, पेपर अर्धा लिहून झाला. एका रात्री नमुना काढून ठेवला आणि सहज व्होल्टेज चढवलं, तर ठिपके जागच्या जागी! खूप शोधल्यावर सापडला तो टर्मिनलजवळच्या आधारावर विसरलेला एक वॉशर. ना हाय व्होल्टेजला जोडलेला, ना अर्थला. अधांतरी बसून शेजारच्या धातूशी ठिणग्या खेळत होता. सारखी उंची ही त्याचीच खूण, आणि हे मी वाचलेलंही होतं! गाइड एवढंच म्हणाले, ‘‘आता तुला मोजता यायला लागलं.’’

बाकीचं आयुष्य बरंचसं वाट पाहण्यात जातं. विजेच्या तडाख्याचा इम्पल्स 1.2 मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो आणि 50 मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येतो. त्यासाठी कपॅसिटर पुन्हा चार्ज होईपर्यंत बसून राहायचं. फ्लॅशओव्हर झाला, म्हणजे हवेतून ठिणगी आरपार गेली, की व्होल्टेज एक पायरी खाली, नाही झाला की एक पायरी वर. आत जायच्या आधी उरलेला चार्ज जमिनीत सोडणारा अर्थिंग रॉड अडकवायचा, कितीही घाई असली तरी. दमट हवेत दोन इलेक्ट्रोडांमधला हवेचा गॅप उलट जास्त व्होल्टेज सोसतो (इन्सुलेटर ओला झाला की मात्र गणित फिरतं), म्हणून आकडे 20 अंश तापमान आणि घनमीटरला 11 ग्रॅम आर्द्रतेवर आणून ठेवायचे. निधीचे अर्ज, पेपरांची मोजदाद, रिव्ह्युअरचे टोमणे, हे तुझ्या अप्रेझलसारखंच. सध्या एसएफ-सिक्स या स्विचगिअरमधल्या इन्सुलेटिंग वायूच्या पर्यायाला पैसा मिळतो, म्हणून निम्मे लोक तिकडे धावलेत. तू धावू नकोस.

कारण तुझ्या पत्रातली कामाची ओळ वेगळीच आहे, तू ती जाता जाता लिहिलीस: इन्व्हर्टरवाल्या (डीसीची एसी करून वीज देणाऱ्या) प्लांटशेजारचा डिस्टन्स रिले, म्हणजे फॉल्ट किती लांब आहे ते मोजून लाइन तोडायला सांगणारं उपकरण, चुकला. फॉर्टेस्क्यूने 1918 साली मांडलेले सिमेट्रिकल कॉम्पोनंट (असमतोल तीन फेज समतोल संचांत फोडण्याची रीत) तुमचे रिले आजही वापरतात, पण वीज पुरवणारं फिरतं जनरेटर आहे असं धरून. इन्व्हर्टर फॉल्टला रेटिंगच्या थोडासाच वर करंट देतो, आणि निगेटिव्ह सीक्वेन्स (त्या संचांपैकी उलट क्रमाचा) किती द्यायचा ते त्याचा कंट्रोल ठरवतो. तो कोड कंपनी दाखवत नाही. आम्ही सिम्युलेशनमध्ये बंद डबा घेऊन बसतो. तुझ्याकडे खऱ्या फॉल्टचं रेकॉर्ड आहे. आमच्याकडचे निम्मे विद्यार्थी त्यासाठी हात जोडतील.

राजीनामा इतक्यात देऊ नकोस. पार्ट-टाइम नोंदणी होते का ते आधी बघू. त्या दिवशीच्या कॉमट्रेड फाइल्स (रिलेने नोंदवलेल्या फॉल्टच्या लहरी) साहेबांची परवानगी काढून पाठव, लाइनच्या दोन्ही टोकांच्या. स्क्रीनशॉट नकोत. आणि सीटी-पीटीच्या (रिलेला करंट आणि व्होल्टेज मोजून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) जोडण्या तेव्हा कुणी तपासल्या होत्या का, तेही कळव.

तुझाच,
वॉशरवाला