हॉलची किल्ली कुणाकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राणी चन्नम्मा विद्यापीठ भूतरामनहट्टीहून हिरेबागेवाडीच्या नव्या आवारात जाणार, हे गेली काही वर्षं आपण ऐकतोय. तिथे खेळाची इमारत कशी असावी हे मला कुणी विचारलेलं नाही. पण खानापूर तालुक्यात ३१ वर्षं मुलींना खो-खो आणि कबड्डी शिकवली, तेव्हा न विचारता दोन शब्द लिहिते.

आमच्याकडचा पाऊस तुमच्या वाचकांना सांगायला नको. जूनमध्ये मैदानाचा एकदा राडा झाला की ऑगस्ट संपेपर्यंत त्यात पाऊल घालायची सोय नाही, आणि तालुक्याच्या स्पर्धा नेमक्या त्याच सुमाराला. मग आम्ही गावातल्या मंगल कार्यालयात सराव करायचो. मालक भला माणूस, भाडं घेत नसे. आदल्या दिवशी लग्न झालेलं असलं की फरशीच्या सांध्यांत अक्षता अडकलेल्या असायच्या. मुली अनवाणी, त्यांच्या तळव्यांना पिवळे तांदूळ चिकटायचे आणि त्यावरून हसण्यात पहिली दहा मिनिटं जायची. चातुर्मास लागला की हॉल रिकामा, तोच आमचा सीझन. पण शहाबादी फरशीवर सूर मारता येत नाही, आणि सूर न मारता खो-खो म्हणजे नुसती पळापळ. एकीने मारला. गुडघ्याला सात टाके पडले आणि तिच्या वडिलांनी तिचा खेळच बंद केला. त्यांना दोष कसा देऊ?

तुम्ही म्हणाल, मोठ्या कॉलेजांत हॉल आहेत की. आहेत. अशाच एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) मी मुलींना घेऊन गेले, तर दाराला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. तासाभराने दुसरी किल्ली मिळाली. आत बघते तर समारंभाच्या प्लास्टिक खुर्च्यांची छतापर्यंत रास, आणि कोर्टाच्या रेघांवर मंडपवाल्याच्या खिळ्यांची भोकं. निव्वळ खेळासाठी म्हणून बांधलेला हॉल आपल्याकडे असा गोदाम होतो. तिथे रोज, दर तासाला, कुणाचं काही काम नसतं ना.

याचं उत्तर मला परमुलखात दिसलं. माझा मुलगा ओहायोत नोकरीला आहे. तिकडे गेले होते तेव्हा त्याने सिनसिनाटी विद्यापीठातली कॅम्पस रिक्रिएशन सेंटर नावाची इमारत दाखवली. थॉम मेन यांच्या मॉर्फोसिस या संस्थेने तिचा आराखडा केला, ती २००६ साली उघडली. निप्पर्ट स्टेडियमला अगदी खेटून आहे. पोहण्याचे तलाव आणि व्यायामशाळा तर आहेतच, पण त्याच इमारतीत वर्गखोल्या, जेवणाचा हॉल आणि मुलांच्या राहण्याच्या खोल्याही. दिसायला मला फारशी आवडली नाही, कुणीतरी पेटी आपटून वाकवल्यासारखी वाटते. पण मी तासभर नुसती बसून पाहिलं. कुणी वह्या घेऊन चाललंय, कुणी ओल्या केसांनी तलावाकडून येतंय, कुणी हातात ताट घेऊन जागा शोधतंय. किल्लीवाला कुठेच दिसला नाही.

तेवढा पैसा आपल्याकडे नाही, आणि तलाव तर मी मागतही नाही. चाळीस बाय वीस मीटरचा एक हॉल पुरे. खो-खोचं मैदान २७ बाय १६, मुलींच्या कबड्डीचं १२ बाय ८, बास्केटबॉलचं २८ बाय १५. आळीपाळीने सगळं त्यात बसतं. छत मात्र नऊ मीटर तरी उंच हवं. कंत्राटदार सहावर थांबतो आणि मग बॅडमिंटनचं फूल तुळईला लागत राहतं. लाकडी जमिनीचा हट्ट नको. खालून वारा खेळला नाही तर आपल्या पावसाळी दमटपणात फळ्या फुगतात. मॅट बऱ्या. आणि वर नुसता पत्रा घालू नका. जुलैत त्याखाली शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही, मग शेजारी वाचणाऱ्याचं काय होईल?

हो, शेजारी वाचनालय हवंच, आणि दोन-चार वर्गही. माझं मुख्य मागणं तेच आहे. वाचनालय रात्री आठपर्यंत उघडं म्हणजे दिवे चालू, शिपाई जागेवर, बायकांची ये-जा. खेळून आलेली मुलगी अर्धा तास पुस्तक घेऊन बसली तर घरचे हरकत घेत नाहीत. हॉलवर एकटी थांबली तर घेतात. कपडे बदलायची खोली वाचनालयाच्या बाजूला काढा, जिन्याखाली नको.

आणि बस. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना तिकीट पडत नाही, फार चांगलं झालं. पण फुकट असली तरी बस यायला हवी. खानापूरकडच्या मुलीला हिरेबागेवाडीहून आधी बेळगाव गाठायचं, तिथून पुढची बस, आणि आमच्या गावाला शेवटची साडेसातची. म्हणजे सराव कितीला संपवायचा ते प्रशिक्षक नव्हे, कंडक्टर ठरवतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो लागेल तेव्हा लागेल. संध्याकाळची एक जादा गाडी सोडायला कुठल्या न्यायालयाची परवानगी लागत नाही. आठ वाजता, इमारतीच्या दारातून.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
ता. खानापूर, जि. बेळगाव