बाबा, संगणक भंगारात देऊ नका

बंगळुरू
१ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात की बटण दाबल्यापासून संगणक तयार होईपर्यंत आईची देवपूजा आटोपते, आता हा भंगारातच द्यायचा. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही, मध्येच कोणी येतं, नाहीतर कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात. म्हणून लिहून, मोठ्या अक्षरांत छापून कुरिअरने पाठवतेय. पत्र संगणकाशेजारीच राहू द्या. मी पाडव्याला येईपर्यंत नवा संगणक घेऊ नका, जुना कुणाला देऊ नका आणि दुकानातल्या त्या मुलाला फॉर्मॅट, म्हणजे विंडोज पुसून नव्याने बसवणं, तर मुळीच मारू देऊ नका.

आधी एक सांगते. "माझ्याच हातून काहीतरी भलतंच दाबलं गेलं असणार," असं तुम्ही पुन्हा पुन्हा म्हणता. तसं काहीही झालेलं नाही. तुम्ही पाठवलेला टास्क मॅनेजरचा फोटो मी मोठा करून नीट पाहिला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबल्यावर येतो तो तक्ता. त्यात प्रोसेसर १४ टक्के, मेमरी ८१ टक्के आणि डिस्क १०० टक्के दिसतेय, तीही तुम्ही काहीच उघडलेलं नसताना. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलाय आणि डिस्कला श्वास घ्यायला फुरसत नाही. दुखणं कुठे आहे ते त्या एका ओळीत आलं.

आपला संगणक २०१४ सालचा. त्यातली हार्ड डिस्क ५०० जीबीची आहे. आत धातूच्या तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेत असतात आणि एक बारीक दांडी त्यांच्यावरून पुढे-मागे सरकत माहिती वाचते. एक ठिकाण वाचून दुसऱ्या ठिकाणी जायला तिला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. ऐकायला थोडा वाटतो, पण संगणक सुरू होताना हजारो बारीकसारीक फायली लागतात, आणि त्याच वेळी विंडोजचे अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी आणि फायलींची सूची करणारा प्रोग्रॅम हे सगळे तिच्याकडेच धावतात. तहसील कचेरीत एकच खिडकी उघडी असावी आणि दाखले, उतारे, रेशन कार्ड सगळ्यांची रांग तिथेच लागावी, तसं चाललंय. त्यात तुम्ही संगणक आठवड्यातून कधीतरी लावता, त्यामुळे साचलेले अपडेट लावल्याबरोबर एकदम उतरायला लागतात. सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं त्याला हात न लावता राहू दिलात, तर नंतर तो बराच बरा चालेल. करून पाहा.

मेमरी फक्त ४ जीबी आहे. ती भरली की विंडोज उरलेला पसारा हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं, म्हणजे ओझं पुन्हा त्याच डिस्कवर. आई, तू क्रोममध्ये भजनाचे व्हिडिओ, मेल आणि विजेचं बिल अशा सात-आठ खिडक्या उघड्या ठेवतेस ना, त्या बघून झाल्या की बंद करत जा. तेवढ्याने पाडव्यापर्यंत निभावेल.

बाबा, तुम्ही पडद्यावर उजवी कळ दाबून सारखं 'रिफ्रेश' करता. त्याने वेग वाढत नाही. समोरची चित्रं फक्त पुन्हा काढली जातात. खरा उपयोग 'रीस्टार्ट'चा आहे. विंडोज १० मध्ये 'शट डाउन' केल्यावर सगळं पुरतं बंद होतंच असं नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून ते आतला काही भाग डिस्कवर तसाच साठवून ठेवतं आणि तोच परत उचलतं. त्यामुळे "दर वेळी तर बंद करतो" म्हणालात तरी कित्येक दिवसांचा गाळ आत तसाच राहू शकतो. अडकला की 'रीस्टार्ट' करा, आणि काही झालं तरी कॅबिनेटचं बटण दाबून धरू नका.

टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' नावाचा भाग आहे. संगणक सुरू होताना आपणहून उठणारे प्रोग्रॅम तिथे दिसतात. त्याचाही एक फोटो काढून पाठवा. कोणते बंद करायचे ते मी एकेक करून फोनवर सांगेन.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसले ते. संगणकाची मला तेवढी चिंता नाही. मला चिंता तुमच्या 'शेतांची नावं' या फोल्डरची आहे. बाबा, निवृत्तीनंतर एवढी वर्षं तुम्ही गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून जे लिहून काढलंत ते दुसरीकडे कुठेही नाही. वडाची पट्टी, खारकुंड, ढोरवाट, सतीचा माळ, कुठल्या बांधाला काय म्हणत, विहिरीवरच्या मोटेची पाळी कोणाची असे. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो खरा, पण आपल्या गावच्या कितीतरी उताऱ्यांवर तो कोराच आहे, पुढे नुसता गट नंबर. ज्यांनी तुम्हाला ही नावं सांगितली त्यांतली बरीच माणसं आज नाहीत. पुन्हा विचारायला जावं असं घर राहिलेलं नाही. आणि हे सगळं त्या एका थकलेल्या डिस्कवर आहे.

तुम्ही म्हणाल, "डी ड्राइव्हवर कॉपी आहे की." बाबा, ती कॉपी धरू नका. आपल्या संगणकातले सी, डी आणि ई हे तीन ड्राइव्ह म्हणजे एकाच डिस्कचे पाडलेले तीन वाटे आहेत. डिस्क गेली तर तिन्ही एकदम जातात. कॉपी म्हणजे संगणकातून बाहेर काढलेली, वेगळ्या वस्तूवरची.

म्हणून या आठवड्यात एवढं एकच काम करा. ३२ जीबीचा नवा पेन ड्राइव्ह आणा. फोल्डरवर उजवी कळ दाबून 'कॉपी' म्हणा, पेन ड्राइव्ह उघडून आत 'पेस्ट' करा. मात्र डेस्कटॉपवरचं जे चित्र आहे ना, ज्याच्या कोपऱ्यात छोटा वळलेला बाण आहे, ते कॉपी करू नका. तो नुसता शॉर्टकट आहे. पेन ड्राइव्हवर तेवढाच जाईल, आत फायली जाणार नाहीत, आणि आपल्याला वाटेल की काम झालं. मूळ फोल्डर डी ड्राइव्हमध्ये आहे, तिथे जाऊन तो घ्या. त्यानंतर आईचे भजनी मंडळाचे हिशोब, मग पेन्शनची कागदपत्रं. फोटो शेवटी. ते बरेचसे माझ्याकडे आणि दादाकडे आहेत. कॉपीला वेळ लागेल, लागू दे. यूपीएसची बॅटरी टिकत नाही म्हणालात, तर वीज जायच्या वेळेला हे काम काढू नका. भरात असताना वीज गेलेली या डिस्कला आता सोसणार नाही.

कॉपी झाल्यावर पेन ड्राइव्ह शेजारच्यांच्या लॅपटॉपला लावून एखादी फाइल उघडून बघा. बहुधा तुम्हाला धक्का बसेल. देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं असं काहीतरी दिसेल. घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. छापखान्यातल्या सवयीने तुम्ही श्रीलिपीत टाइप करत आलात. त्या जुन्या फाँटमध्ये फाइलीत साठतात ती इंग्रजी अक्षरांचीच सांकेतिक चिन्हं, आणि फाँट त्या जागी मराठी अक्षराचा आकार दाखवतो. फाँट नसलेल्या संगणकावर उघडलं की मूळ चिन्हं उघडी पडतात. युनिकोडमध्ये तसं नसतं. तिथे 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून मोबाइलवरही 'क'च दिसतो.

फॉर्मॅटला मी एवढी का भिते ते यावरून तुमच्या लक्षात येईल. तो मुलगा मनाचा चांगला आहे, मेहनती आहे, पण फॉर्मॅट केल्यावर श्रीलिपी पुन्हा बसवायची कुठून, हे त्याला विचारलंत तर सांगता येणार नाही. फायली वाचतील आणि तरीही वाचता येणार नाहीत.

तोवर एक सोपी तजवीज करता येते. प्रत्येक फाइल आपल्याच संगणकावर उघडून 'प्रिंट' म्हणा, आणि प्रिंटरच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा. कागद निघणार नाही, पीडीएफ तयार होईल. ती आईच्या मोबाइलवर पाठवून अक्षरं जशीच्या तशी दिसतात का ते बघा. दिसली तर मला मेल करा. श्रीलिपीच्या अशा पीडीएफमध्ये एखादं नाव शोधता येत नाही, मजकूर बदलताही येत नाही, पण वाचता येतं, आणि आज मला तेवढं पुष्कळ आहे. युनिकोडमध्ये बदलण्याचं काम आपण शेजारी बसून करू. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी त्यात हमखास इकडची तिकडे होते. गावातली नावं कोणत्याही यंत्राला माहीत नाहीत, ती तुम्हालाच तपासावी लागतील.

डिस्कच्या आवाजाकडे कान ठेवा. काम करताना खरखर येते ती नेहमीची. पण टक्, टक्, टक् असा ठरावीक अंतराने आवाज यायला लागला, तर पुढे काहीही न करता संगणक बंद करा आणि मला फोन करा. त्या स्थितीत पुन्हा पुन्हा सुरू करून बघण्याने उरलेलंही जातं.

आई, हे तुझ्यासाठी, कारण दुपारी फोन तूच उचलतेस. "तुमचा संगणक स्लो झालाय, आम्ही इथून दुरुस्त करून देतो," असं सांगणारा फोन आला तर तो ठेवून दे. घरातला संगणक मंद झालाय हे बाहेरच्या कोणालाही कळण्याचं कारण नाही. पडद्यावर मोठ्या आवाजात "व्हायरस आला, या नंबरवर फोन करा" असं आलं तरी तो नंबर लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या सूचनेत फोन नंबर नसतो. टास्क मॅनेजर उघडायचा, क्रोमवर बोट ठेवायचं आणि 'एंड टास्क' म्हणायचं. आपला संगणक लांबून दुसऱ्याच्या हाती देणारं एनीडेस्कसारखं काही उतरवायला सांगितलं तर नाही म्हणायचं, समोरचा कितीही गोड बोलला तरी. आणि कधी पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसायचं नाही, ताबडतोब १९३० वर फोन करायचा. सायबर फसवणुकीसाठीचा तो सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर कळवू तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येण्याची आशा जास्त.

पाडव्याला येताना मी हार्ड डिस्कच्या जागी बसवायला एसएसडी घेऊन येईन. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, चिपमध्ये साठवण असते, त्यामुळे जागा शोधत सरकायचा वेळ वाचतो. जुन्या डिस्कवरचं सगळं, श्रीलिपीसकट, तसंच्या तसं तिच्यावर उतरवून घ्यायचं. मेमरी ८ जीबी करू, या जुन्या डीडीआर ३ जातीची पट्टी मी इथून शोधून आणते. प्रोसेसर, मॉनिटर आणि तुमच्या बोटांच्या सवयीचा तो जाड कळांचा कीबोर्ड, काहीच बदलायचं नाही. माझ्या ऑफिसातल्या याच वयाच्या संगणकांना एसएसडी बसवल्यावर ते मिनिटाच्या आत सुरू होताना मी पाहिलेत. म्हणूनच इतक्या खात्रीने सांगतेय. काढलेली जुनी डिस्क भंगारात जाणार नाही. पॅन, आधार, पासबुक सगळं तिच्यात आहे. ती कपाटात ठेवायची.

बँकेचं पान "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणत उघडत नाही, ती तक्रार निराळी आहे. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षं मागची असेल तर आतल्या मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपलाय. सीआर २०३२ या नावाने घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकली की संगणकाला बँकेचं प्रमाणपत्रच चुकीच्या मुदतीचं वाटतं. सध्या तारीख हाताने बरोबर करा, सेल मी आल्यावर बदलू. आतली धूळही तेव्हाच काढेन. तुम्ही कॅबिनेट उघडून ओल्या फडक्याने पुसू नका.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. आपला प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. मायक्रोसॉफ्टने सुरक्षेचे जादा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केलेत, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, ते मी करून देईन. त्याच्या आत सगळी नावं युनिकोडमध्ये आली की तुम्ही श्रीलिपीतून मोकळे व्हाल, मग विंडोजच्या जागी लिनक्स मिंट बसवू. ते फुकट आहे, असल्या जुन्या यंत्रावर हलकं चालतं. तोवर बँकेचं काम या संगणकावर न केलेलं बरं.

पेन ड्राइव्ह घेतलात की फोन करा, कॉपी करताना मी लाइनवर थांबते. संध्याकाळी सातनंतर कधीही. आणि खालच्या आळीतल्या आजोबांकडून शेवटची जी पाच-सहा नावं तुम्ही वहीत टिपलीत, ती टाइप करायची थांबू नका, वहीचाच मोबाइलवर फोटो काढून आजच पाठवा.

तुमची,
मनू