एकच प्रत

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

राणी चन्नम्मा एक्सप्रेस तुला घेऊन मिरजेहून सुटली आणि मी तिथंच बाकावर बसून फोनवर तुझं ब्लॉगचं पान उघडलं. रिक्षावाला दोनदा येऊन बघून गेला. निघताना जे बोललो, ‘असल्या लिहिण्यानं पोट भरतं का’, ते मनावर घेऊ नकोस. घेतलंच असशील.

बेअर ब्लॉग म्हणे, तू लिहितेस ती इंटरनेटवरची जागा. आधी वाटलं, काम अर्धवट राहिलंय. जाहिरात नाही, काही उड्या मारत नाही. वर मथळा, खाली तारीख, मग मजकूर. चष्मा पुसून पुन्हा बघितलं, तर ट्रेडलवर, म्हणजे आपल्या जुन्या छपाई यंत्रावर, काढलेल्या साध्या पत्रकासारखं दिसलं. छापखान्यात तीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो, की बॉर्डर लावून मजकूर सुधारत नाही. आणि तुमचं ते मार्कडाउन! शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे घातले की अक्षर ठळक. आम्ही खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरसाठी शब्दाखाली नागमोडी रेघ मारायचो, ती हीच गोष्ट. २००४ साली जॉन ग्रुबर नावाच्या माणसानं ही रीत काढली, असं तुझ्या आतेभावानं सांगितलं. म्हटलं, रीत जुनीच आहे रे.

पण प्रत ठेवतेस ना?

हे सगळं म्हणे दक्षिण आफ्रिकेतला हर्मन मार्टिनस एकट्यानं चालवतो, २०२० पासून. वाचणाऱ्याच्या मागावर राहत नाही, हे आवडलं. माणूस सज्जन दिसतो. पण एकटा आहे गं. उद्या आजारी पडला तर? याहूनं लोकांची पानं ठेवणारं जिओसिटीज २००९ साली बंद केलं, एवढी मोठी कंपनी. गुगलनं ते ब्लॉग वाचायचं रीडर २०१३ ला मिटवलं, तेव्हा दोन दिवस तू नीट जेवली नव्हतीस.

झालं माझं भाषण सुरू. माफ कर. तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा तू तिकडं होतीस. छपाईच्या खिळ्यांच्या पेट्या बुडाल्या त्याचं काही नाही, शिसं धुतलं की निघतं. आईची वही मी वरच्या फळीवर ठेवली होती. वर आहे म्हणजे राहील, असं धरून चाललो. चिखल काढताना हाताला लागली. पानं लगदा होऊन एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली. एका कोपऱ्यात ‘मेतकूट’ एवढं वाचता आलं. गावाच्या लग्नपत्रिका हजारांनी छापल्या मी, आणि घरातल्या वहीची एक झेरॉक्स काढली नाही.

तू शाईच्या वासाबद्दल लिहिलंयस, मी रॉकेलनं हात धुवायचो त्याबद्दल. तेव्हा कोपऱ्यात पाढे घोकत असायचीस, तुझं लक्ष असेल असं वाटलं नव्हतं. कट्ट्यावर सगळ्यांना दाखवलं. एकानं विचारलं, किती लोक वाचतात? म्हटलं, एक तर मी आहे. तुझंच वाक्य आठवलं, कुणी मोजत नाही म्हणून तर लिहिता येतं. त्या दिवशी त्यावर चिडलो होतो.

काल कोपऱ्यावर जाऊन अकराही लेखांच्या दोन-दोन प्रिंट काढून आणल्या. एक संच माळ्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. दुसरा ताईकडे विट्याला पाठवतोय, तिथं कृष्णेचं पाणी चढत नाही. तुझ्याकडेही एक असू दे.

आता प्रूफ. तिसऱ्या लेखात ‘आणी’ पडलंय, णि पहिली हवी. सातव्यात मी ट्रेडल पायानं चालवायचो असं लिहिलंयस. पायाची आजोबांच्या वेळची, माझी मोटरवर होती. दुरुस्त केलंस की नवी प्रत काढ.

– बाबा