मापाने प्यायला शिकवणाऱ्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही ‘ऱ्हाऊ दे गं, बर्फ बघ जा’ म्हणून विषय मोडता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. आपल्या गावात दारूविषयी बरं लिहायचं तर माणूस दहादा विचार करतो, आणि बाईने तर तो विषयच काढू नये अशी रीत आहे. तरी लिहिते. शनिवारच्या संध्याकाळी तुमच्या गच्चीवर जे शिकले ते आमच्या घरात मुरलंय, आणि ते कुणामुळे हे लोकांना कळायला हवं.

आधी आमच्याकडे कसं होतं ते सांगते. कोल्हापुरात पाहुणचार म्हटला की तांबडा-पांढरा, त्यात कुणी हात आखडत नाही. पिण्याचं मात्र सगळं आडून. पुरुषांनी परमिट रूम गाठायची, नाहीतर घराच्या गच्चीवर पाठ करून बसायचं. पिशवीतून क्वार्टर यायची, चकण्याला खारे शेंगदाणे, आणि जेवायची हाक यायच्या आत घाईघाईने संपवायचं. बायका खाली भाकऱ्या थापत, वर काय चाललंय ते माहीत असून नसल्यासारख्या. त्या बैठकांमधून चवीबद्दल कुणी अवाक्षर काढल्याचं मला आठवत नाही. जहाजावरच्या बारमागे उमेदीची वर्षं काढून तुम्ही राजारामपुरीत परत आलात, आमचे शेजारी झालात, आणि माझ्या नवऱ्याने ‘मामा, मला कॉकटेल शिकवा’ म्हटल्यावर म्हणालात, ‘दोघं या. एकट्याला शिकवत न्हाई.’ सगळ्यात आधी त्या अटीचे आभार.

पहिल्या दिवशी तुम्ही बाटली उघडलीच नाहीत. मापाचं भांडं हातात दिलंत, एका बाजूला तीस मिली, दुसऱ्या बाजूला साठ, आणि पाण्यावर सराव करायला लावलात. डोळ्याने मापायचं नाही, पाहुणा मोठा असला तरी माप मोठं करायचं नाही. ‘जास्त घातलं म्हंजे माया केली असं न्हाई,’ हे तुमचं वाक्य आमच्या स्वयंपाकघरात आता वेगवेगळ्या प्रसंगी म्हटलं जातं. आग्रह करकरून वाढणाऱ्या गावात हे शिकवायला धाडस लागतं, मामा.

मग तुम्ही सगळ्यात जुन्यापासून सुरुवात केलीत. कॉकटेल म्हणजे काय, याची छापील व्याख्या १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रात आली होती: कोणतंही कडक मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे मद्यात मुरवलेला कडू मुळ्या-सालींचा अर्क. बास, चारच गोष्टी. पुढे लोक त्यात नाही नाही ते घालू लागले, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांनी जुन्या पद्धतीचंच मागायला सुरुवात केली, आणि त्यातूनच ओल्ड फॅशन्ड हे नाव रुळलं. साठ मिली व्हिस्की, थोडी साखर, बिटर्सचे दोन-तीन थेंब, मोठा बर्फ, वर पिळलेली संत्र्याची साल. ती साल ग्लासावर दुमडल्यावर उडणारं तेल तुम्ही काडी पेटवून दाखवलंत. क्षणभर ठिणग्या उडाल्या आणि सगळ्या गच्चीवर संत्र्याचा वास पसरला. वास हा निम्मी चव असतो हे मला त्या दिवशी पटलं.

बिटर्सवर तुम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवलीत, आणि ती मला फार आवडली. अँगोस्टुरा नावाची ती बाटली, जिचा कागद बाटलीपेक्षा मोठा असतो, ती मुळात पोटाचं औषध. दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या सिमोन बोलिव्हारच्या सैन्यात डॉक्टर असलेल्या योहान सीगर्ट यांनी ते १८२४ साली व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावात तयार केलं. पुढे धंदा त्रिनिदादला गेला, तो आजही तिथेच आहे. त्यातला कडूपणा जेन्शियन नावाच्या मुळीचा. ‘आणि ह्या मुळीच्या भावकीतलं आपल्याकडं काय हाय, सांग बघू,’ असं विचारून तुम्ही कागदाची पुडी सोडलीत. आत काडेचिराईत! लहानपणी तापात आजी नाक दाबून पाजायची तेच. तुम्ही ते संत्र्याची वाळवलेली साल, लवंग आणि वेलदोड्याबरोबर व्होडकात मुरत ठेवलेलं होतं. दोन थेंब जिभेवर ठेवले तर तोंड वाकडं झालं, पण तेच दोन थेंब ग्लासात गेल्यावर गोडी आणि तिखटी एका जागी येऊन बसली. रश्श्यात मीठ पडावं तसं. महाद्वार रोडवरून जाताना काष्ठौषधींच्या दुकानाकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते.

पण मामा, माझ्यासाठी खरा दिवस काकवीचा.

डायकिरी म्हणजे पांढरी रम, लिंबू आणि साखर. क्युबात सांतियागोजवळ डायकिरी नावाचं गाव आहे, तिथे लोखंडाच्या खाणी होत्या. जेनिंग्ज कॉक्स नावाच्या अमेरिकन इंजिनियरने १८९८च्या सुमारास हे पेय केलं असं सांगतात. ते करताना तुम्ही म्हणालात, ‘ह्यातलं परदेशी काय हाय? रम उसाच्या मळीची, साखर उसाची, लिंबू कपिलतीर्थ मंडईतलं.’ आणि मला एकदम जाणवलं की ज्या जिल्ह्यात ऊस, कारखाना, मळी हे शब्द पोर बोलायला लागल्यापासून ऐकतं, तिथे रमकडे कुणी पीक म्हणून कधी पाहिलेलंच नाही. गळीत हंगामात गुऱ्हाळावरून आणलेली काकवी तुम्ही तितक्याच कोमट पाण्यात सारखी केलीत. साठ मिली रम, पंचवीस मिली ताजा लिंबाचा रस, वीस मिली ते काकवीचं पाणी, शेकरमध्ये भरपूर बर्फ, आणि बारा-पंधरा सेकंद जोरात हलवायचं, हाताला शेकर धरवेनासा झाला पाहिजे. काकवीमुळे रंग सोनेरी-तपकिरी आला, म्हणजे पुस्तकी डायकिरी ती नव्हे. चवीत मात्र साखरेला नसते अशी एक खोली होती, थोडी खारट, थोडी धुरकट, गुऱ्हाळाच्या चुलाणाजवळ उभं राहिल्यावर येते तशीच. हे पेय जगातल्या कुठल्याही बारमध्ये ठेवलं तरी ते कोल्हापूरचं म्हणून ओळखू येईल असं मला मनापासून वाटतं. गूळ, चपला आणि मिरचीइतकाच त्याचा अभिमान मी बाळगते.

लिंबू असेल तर हलवायचं, नुसतीच मद्यं असतील तर चमच्याने ढवळायचं, हा नियम तुम्ही कारणासकट सांगितलात. हलवल्याने हवा मिसळते, आंबट पेयाला ती शोभते. नेग्रोनीसारखं पेय मात्र नितळ आणि जड राहायला हवं. जिन, कांपारी हे कडू इटालियन मद्य आणि गोड व्हर्मुथ, तिन्ही सारख्या मापाने. १९१९ साली फ्लोरेन्समध्ये कामिल्लो नेग्रोनी नावाच्या काउंटने आपल्या अमेरिकानोत, म्हणजे कांपारी, व्हर्मुथ आणि सोड्याच्या पेयात, सोड्याऐवजी जिन मागितली, अशी त्याची कथा आहे. मला स्वतःला ते फार कडू लागतं, नवऱ्याला प्राणप्रिय. आणि व्हर्मुथ ही शेवटी वाइन आहे, उघडली की फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्या-दीड महिन्यात संपवा, ही सूचना मी इथे मुद्दाम लिहिते. शोकेसमध्ये वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या उघड्या बाटल्या मी अनेक घरांत पाहिल्या आहेत.

बर्फाचं वेड मात्र मला तुमच्यासारखंच लागलं. थर्मोकोलच्या उघड्या डब्यात पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवलं की ते वरून खाली गोठत जातं, हवेचे बुडबुडे तळाकडे ढकलले जातात, आणि पूर्ण गोठायच्या आत काढलं तर वरचा भाग काचेसारखा निघतो. पावाच्या सुरीने त्याचे मोठे तुकडे करायचे. मोठा तुकडा सावकाश वितळतो. तयार पेयात पाव हिस्सा वितळलेलं पाणीच असतं, तेव्हा पाण्याला घटक समजा, असं तुम्ही शिकवलंत.

आता दुधाच्या पंचबद्दल. पंच म्हणजे मद्य, लिंबू, साखर मिसळून केलेलं पेय. ती तुम्ही ज्या तऱ्हेने आमच्यासमोर आणलीत तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. एका संध्याकाळी तुम्ही आम्हाला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेलंत. म्हशी उभ्या, समोर धार काढलेलं दूध, ग्लासात फेस. आम्ही एकेक ग्लास पिऊन निघालो, आणि तुम्ही किटलीतून थोडं बरोबर घेतलंत. घरी आदल्या दिवसापासून ब्रँडी आणि रममध्ये लिंबाच्या साली भिजत होत्या. त्यात कडक कोरा चहा, साखर, लिंबाचा रस आणि किसलेलं जायफळ घातलंत. दूध गरम केलंत, आणि ते आंबट मिश्रण त्या दुधात बारीक धारेने ओतायला लागलात. एक लिटर मिश्रणाला पाव लिटर दूध. माझ्या सासूबाई तेव्हा तिथे होत्या. ‘अहो, दूध नासलं!’ म्हणून त्या उठून उभ्याच राहिल्या. आमच्याकडे दूध नासणं अपशकून मानतात, त्यांचा जीव खरोखर खालीवर झाला होता. तुम्ही त्यांना ‘अक्का, बसा, दोन तास थांबा’ एवढंच म्हणालात.

दोन तासांनी ते चोथा-पाणी सगळं धुतलेल्या पंच्यातून गाळायला घेतलंत. पहिली धार गढूळ. ती परत त्याच चोथ्यावर ओतलीत, पुन्हा एकदा ओतलीत. चोथाच गाळणी होतो हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. सावकाश, थेंब थेंब, खाली जे जमू लागलं ते पिवळसर आणि आरपार दिसणारं होतं. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन चहाचा तुरटपणा आणि मद्याचा कडकपणा धरून ठेवतं आणि चोथ्याबरोबर बाहेर काढतं, मऊपणा तेवढा मागे राहतो. त्या दिवशी तुम्ही सांगितलंत की बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६३ साली आपले मित्र जेम्स बोडन यांना पत्रातून दुधाच्या पंचची अशीच कृती पाठवली होती, त्यात ४४ लिंबांच्या साली आहेत. फ्रिज नसलेल्या काळात ही पंच बाटल्यांत भरून महिनोन्‌महिने टिकायची. अडीचशे वर्षांपूर्वीची अमेरिकन कृती आणि गंगावेशीतली म्हैस यांची गाठ तुमच्या गच्चीवर पडली. सासूबाईंनी पिऊन पाहिली नाही, तो त्यांचा निर्णय. पण बाटली उजेडाकडे धरून त्या बराच वेळ बघत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारणीला त्यातलं शास्त्र नीट समजावून सांगितलं.

त्यांच्यासाठी तुम्ही कायम वेगळं करता, त्याचेही आभार. कोकमाचं आगळ, आल्याचा रस, काकवी, चिमूटभर मीठ. तेही मापून, तसंच बर्फात हलवून, तशाच गार केलेल्या काचेच्या ग्लासात. न पिणाऱ्याला उरलंसुरलं सरबत देऊन बाजूला बसवायचं नाही. आमच्या घरात पहिल्यांदा सगळे एका गोलात बसले ते यामुळे.

आणि तुमचा कडकपणा. आमचा बावीस वर्षांचा भाचा आला तेव्हा त्याने कितीही लाडीगोडी लावली तरी तुम्ही त्यालाही कोकमाचाच ग्लास दिलात. महाराष्ट्रात कडक मद्याला पंचविशी पूर्ण लागते, तिथे नातं बघायचं नाही. परमिट काढल्याशिवाय आम्हाला शेकरला हात लावू दिला नाहीत. स्वस्त पडते म्हणून गोव्याहून बाटली आणायचा विषय कुणी काढला की तुम्ही उठून आत जाता. आधी पोटभर खायचं, शेजारी पाण्याचा तांब्या, दोन ग्लासांच्या पुढे बैठक संपली, आणि आल्या आल्या गाडीची किल्ली तुमच्या डब्यात. दारू तब्येतीला चांगली असं तुम्ही चुकूनही कधी म्हणाला नाहीत. तुमच्या हाताखाली शिकल्यापासून आमच्या घरात बाटल्या आठवड्यांऐवजी महिने पुरतात, आणि नवरा गच्चीवर पाठ करून बसत नाही. दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोलाची आहे.

तुमच्या वहीतल्या कृती मी मराठीत उतरवून काढते आहे, मापं जशीच्या तशी. जिमलेटच्या, म्हणजे जिन आणि लिंबाच्या पाकाच्या कॉकटेलच्या, पानावर शाई फुटली आहे, तिथे पाकाचं माप वीस मिली आहे की तीस ते वाचता येत नाही. ते तेवढं सांगा. आणि येत्या शनिवारी बर्फ मी आणते, लिंबंही.

तुमची शेजारीण आणि शिष्या,
राजारामपुरी, कोल्हापूर