विजयदुर्गाजवळच्या गिर्येच्या गोदीवर भेटलेल्या, गलबतं बांधणाऱ्या मेस्त्रीकाकांना, साताऱ्याहून

आदरणीय मेस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

पत्र मुद्दाम सर्वांना वाचता येईल असं लिहितोय. ओळखदेख नसताना तुम्ही आमच्या नववीच्या मुलांसाठी अख्खी दुपार दिलीत, त्याचे आभार चार लोकांसमोर मानावेत असं वाटलं.

साताऱ्याच्या मुलांना मराठ्यांचा इतिहास म्हणजे घोडा, गड आणि घाट. 1713 साली बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवलं, त्यांचं सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखाचं पद, कायम झालं, हे मी दरवर्षी शिकवतो. पण सरखेलाला आरमार लागतं, आरमाराला गोदी आणि गोदीला सुतार, लोहार, शीड शिवणारे. हे सगळं मुलांना तुमच्यामुळे दिसलं.

वाघोटण खाडीकाठी कातळ फोडून केलेली ती गोदी. सुमारे 355 फूट लांब, 227 फूट रुंद, असे आकडे मुलं वहीत उतरवत होती. तुम्ही विचारलंत, "एवढं जड गलबत आत आणलं कसं असेल?" कुणी बैल म्हणालं, कुणी हत्ती. तुम्ही नुसतं खाडीकडे बोट दाखवलंत. पाणी चढत होतं. भरतीवर गलबत आत घ्यायचं आणि पाणी उतरलं की तळाच्या कामाला लागायचं! 500 टनांपर्यंतची जहाजं तिथे होत, हे वाक्य त्यानंतर मुलांना खरं वाटलं.

मग तुम्ही काठीने मातीत रेघा ओढल्यात. आधी पठाण म्हणजे तळाचा कणा, मग नाळ म्हणजे पुढचं टोक, दोन्ही अंगांनी वाक म्हणजे फासळ्या, त्यांवर फळ्या, फटींत कापूस आणि वरून राळ. कागदावर आराखडा नाहीच, सगळं मेस्त्रीच्या नजरेत. आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राज्यनीतीच्या जुन्या ग्रंथात, रयतेच्या आंब्या-फणसाला आरमारासाठीही हात लावू नये, झाड अगदी जीर्ण झालं तर धन्याला राजी करून, पैसे देऊनच तोडावं, असं बजावलंय. मी ते सांगितलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "लाकूड मागून घ्यायचं असतं." दोनशे-तीनशे वर्षांची कामाची रीत त्या चार शब्दांत मुलांना मिळाली.

1756 चा, विजयदुर्ग पडल्याचा, विषय निघाला तेव्हा मला बोलवत नव्हतं. समुद्रावरून इंग्रजांच्या वॉटसनच्या तोफा, जमिनीवर क्लाइव्हची फौज, पेशव्यांचं सैन्यही आलेलं, आणि कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. आपल्याच माणसांनी त्याला हातभार लावला, हे मला आजही सलतं. तुम्ही मात्र मुलांना पुढचं सांगितलंत. पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळपांचं आरमार याच विजयदुर्गात उभं राहिलं आणि 1783 मध्ये त्यांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं. जळालेल्या आरमाराच्या जागी नवं आरमार बांधणारे हात कुणाचे, हा प्रश्न आमच्या पुस्तकात नाही. तो तुम्ही विचारलात, म्हणून तुमचे विशेष आभार.

तुळाजींना कैद करून आमच्याकडच्या वंदनगडावर ठेवलं होतं, हे ऐकून तुम्ही बराच वेळ गप्प होतात. दिवाळीनंतर, बांधणीचं काम नसेल तेव्हा, काकूंना घेऊन या. गड चढवला नाही तर पायथ्याशी बसू. मुलांचे प्रश्न तयार आहेत. पहिलाच आहे की वाकासाठी वळणदार लाकूड झाड उभं असतानाच कसं ओळखता?

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक, सातारा