शोधांच्या यादीतली राहून गेलेली पुडी

माननीय संपादक,

मानवी इतिहासातील सर्वांत महत्त्वाच्या शोधांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. चाक, छपाई, वाफेचे इंजिन, वीज, पेनिसिलिन हे सगळे त्यात आहे आणि असायलाच हवे. पण ओआरएसचा, म्हणजे जुलाबात पाण्यात विरघळवून पाजायच्या मीठ-ग्लुकोजच्या पुडीचा, आपल्याकडे जिला जलसंजीवनी म्हणतात तिचा, त्यात कुठेच उल्लेख नाही. लहान आतड्यात मीठ आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात, हा विसाव्या शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असावा, असे 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ च्या संपादकीयात लिहिले होते. त्या शोधाचे घरोघरी पोहोचलेले रूप म्हणजे ही पुडी.

मीठ आणि पाणी माणसाला हजारो वर्षे ठाऊक आहेत, मग यात नवे काय? नवे आहे ते प्रमाण. कॉलऱ्यात आतडे पाणी बाहेर टाकत सुटते. नुसते पाणी पाजले की ते तसेच बाहेर पडते, मीठ-पाणी पाजले तरी फारसा फरक पडत नाही. मात्र आतड्याच्या पेशींवर एक दार असे आहे, की ते मिठातले सोडियम आणि ग्लुकोज दोघे एकत्र आले तरच उघडते. कॉलऱ्याचे विष या दाराला धक्का लावत नाही. दोघे आत शिरले की त्यांच्यामागून पाणीही आत ओढले जाते. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० मध्ये प्राग येथे मांडली. १९६८ मध्ये ढाक्याला डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या अमेरिकी डॉक्टरांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना असे द्रावण पाजून दाखवले आणि शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली.

खरी कसोटी लागली ती १९७१ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या बनगावला. बांगलादेश मुक्तियुद्धातले निर्वासित तिथे लोटले होते, कॉलरा पसरला होता आणि सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांत कालवले, आणि रुग्णांच्या नातेवाइकांनीच ते पेल्याने पाजले. तीस टक्क्यांच्या घरात असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ मध्ये मिळाला.

पुढे या पाककृतीत दोन मोठे बदल झाले. सोड्यामुळे दमट हवेत पुडीतली पूड तपकिरी पडून गोळा व्हायची, म्हणून १९८४ पासून त्याच्या जागी ट्रायसोडियम सायट्रेट आले. २००२ पासून मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या सूत्रात एक लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असते. एकूण २०.५ ग्रॅम.

हे प्रमाण स्वयंपाकघरात बिघडते, आणि तेच सविस्तर लिहायचे आहे. बाजारात दोन आकारांच्या पुड्या मिळतात. मोठी, साधारण २१ ग्रॅमची, एक लिटरसाठी. छोटी, चार ग्रॅमच्या आसपासची, २०० मिलीसाठी. दिसायला दोन्ही सारख्या, आणि पाण्याचे माप मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. मोठी पुडी पेलाभर पाण्यात ढवळली तर द्रावण पाचपट तीव्र होते. ते आतड्यात गेले की शरीरातलेच पाणी बाहेर खेचते. जुलाब वाढतात, रक्तातले सोडियम चढते, मूल चिडचिडे होते आणि झटकेही येऊ शकतात. उलट, छोटी पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर ते जवळजवळ साधे पाणीच होते.

अर्धी पुडी आज, अर्धी उद्या हेही नको. हलवाहलवीत पुडीतले घटक वेगवेगळे बसतात, त्यामुळे एका अर्ध्यात मीठ जास्त, दुसऱ्यात साखर जास्त असे होते. घरातल्या पेल्यावर भरवसा ठेवू नये. एका पेल्यात १५० मिली मावते, दुसऱ्यात ३००. एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली धुऊन घ्यावी, उकळून गार केलेल्या पाण्याने ती भरावी, ते पाणी स्वच्छ पातेल्यात ओतून त्यात अख्खी पुडी विरघळवावी. पूड टाकल्यावर पुन्हा उकळू नये. वरून साखर, दूध, सरबत काही घालू नये. २४ तासांनी उरलेले फेकून नवे करावे. ओली झालेली, घट्ट गोळा झालेली पुडी वापरूच नये.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्यावे.

दुकानातली नुसती ग्लुकोजची पावडर म्हणजे ओआरएस नव्हे, तिच्यात मीठच नसते. फळांच्या गोड पेयांत तर १०० मिलीमागे १० ते १२ ग्रॅम साखर असते, म्हणजे लिटरला शंभराच्या वर, सूत्राच्या सात-आठपट. अशीच पेये ओआरएसच्या नावाने खपत होती. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली, हे फार चांगले झाले. तरीही खोका हातात घेतल्यावर त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिले आहे का, हे बघावेच.

पाजायची पद्धतही तितकीच महत्त्वाची. घटाघट पाजले की उलटी होते. लहान बाळाला दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा द्यावा. उलटी झालीच तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा, आणखी सावकाश सुरू करावे. प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. पेज, वरणाचे पाणी, मऊ भातही द्यावा. उपाशी ठेवल्याने आतडे सावरायला उशीर लागतो.

आणि हे आधीच सांगायला हवे, की ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत. ते भरपाई करते ती गेलेल्या पाण्याची. हे न सांगितल्यामुळेच दुसऱ्या दिवशी आई म्हणते, "पुडी लागू पडली नाही, सुई द्या." जुलाब कमी करायला आणि पुढचे टाळायला मदत होते ती झिंकच्या, म्हणजे जस्ताच्या, गोळ्यांची. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १०, असे १४ दिवस. जुलाब थांबले तरी गोळ्या पुऱ्या करायच्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) जुलाब झालेल्या दर १०० मुलांमागे साठेक जणांना ओआरएस मिळाले होते, झिंक मात्र तिशीतच अडकले होते.

मूल मलूल पडले, काहीच पीत नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की फार सावकाश खाली बसते, शौचात रक्त दिसते, अशा वेळी घरी थांबू नये, सरळ रुग्णालय गाठावे. वाटेतही चमच्याने पाजत राहावे.

आपल्याकडे एक विनंती आहे. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आपण एक चौकट छापावी. मोठी पुडी एक लिटर, छोटी पुडी २०० मिली, एवढे दोनच आकडे ठळक टाइपात. चौकट कापून फ्रिजवर चिकटवता येईल अशी असावी.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ, सातारा